रांजण ते रांजणखळगे: कुकडीच्या काठानं तीन दिवस

चिंचेची_सावली (धागा सुरू करताना)

आमचा जुन्नर दौरा ठरलेला असतो. किल्ला, मिसळ, घर. शिवनेरी चारदा झालाय, लेण्याद्री तर मोजतच नाही. या जानेवारीत आईनं (वय ७१, दोन्ही गुडघे कुरकुरे) आधीच बजावलं, "चढायला लावणार असाल तर मी येत नाही." मग रात्री नकाशा उघडून बसलो. भाचा म्हणाला, "मावशी, ही निळी रेघ बघ. सगळं हिच्यावरच आहे की."

ती निळी रेघ म्हणजे कुकडी. नाणेघाटाजवळ पूर गावी कुकडेश्वरापाशी उगवते, माणिकडोह धरणात थांबते, जुन्नरला वळसा घालते, येडगावच्या धरणात पुन्हा थांबते, बोरीवरून निघोजला जाते आणि पुढे घोड नदीला मिळते. ठरलं. या खेपेला किल्ले नाहीत, नदी जाईल तिकडे गाडी.

बुधवारी दुपारी पुण्यातून निघालो. चाकणच्या गर्दीबद्दल लिहून कुणाचं डोकं फिरवत नाही. संध्याकाळी जुन्नरजवळ एका घरगुती मुक्कामाला पोचलो. जेवायला काय, विचारलं तर त्या घरच्या मावशी म्हणाल्या, "मासवडी करतेय. करताना बघायची तर आत या." आई चपला काढून थेट चुलीपाशी.

न खाल्लेल्यांसाठी: मासवडीत मासा नसतो, आकार तेवढा माशाचा. मावशींनी हळद-तिखट घातलेल्या उकळत्या पाण्यात बेसन सोडलं आणि लाटण्याच्या मागच्या टोकानं असं घोटलं की पातेलं धरायला सुनेला बोलवावं लागलं. मग परातीत ओलं फडकं पसरून त्यावर तो गरम गोळा, पाण्यात हात बुडवत बुडवत भाकरीएवढा थापला. वरून सारण: भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस, परतून कुरकुरीत केलेला कांदा, लसूण, कोथिंबीर. आणि खरी करामत पुढं. हात न लावता नुसत्या फडक्याची कड उचलून ती पोळी अर्ध्यावर दुमडली, दुसरी कड उचलून मिटवली, फडक्यावरूनच दोन्ही तळहातांनी दाबत वर कणा आणला. फडकं सोडवलं तर आत मासा! सुरीनं वड्या पाडल्या. सोबत काळ्या मसाल्याचा रस्सा आणि चुलीवरची बाजरीची भाकरी. आईनं दुसऱ्या वाटी रश्श्यालाच घाम पुसायला सुरुवात केली, पण वाटी खाली ठेवली नाही.

गुरुवारी उगमाकडे. माणिकडोहच्या पाण्याच्या कडेनं रस्ता जातो, डावी-उजवीकडे चावंड, हडसर हे किल्ले दिसत राहतात (हात जोडले, पुढं गेलो). कुकडेश्वराचं देऊळ शिलाहारकालीन मानतात. शिलाहार राजा झंझानं बारा शिवालयं बांधली, त्यातलं हे एक, असं सांगतात. आम्ही गेलो तेव्हा गाभाऱ्यात एक आजोबा आणि बाहेर एक कुत्रं, बस. दाराच्या चौकटीवर आणि खांबांवर इतकं कोरीव काम आहे की आई तिथल्या दगडावर बसूनच राहिली. मोठी नदी शोधत आलेल्या भाच्याला हे पाणी बघून फसवणूक झाल्यासारखं वाटलं. "एवढीशी?" होय बाबा, एवढीशीच.

तिथून घाटघर आणि नाणेघाट. गाडी पठारावर जाते. माथ्यापासून थोडं खाली उतरलं की गुहा. आईला दोघांनी धरून नेलं. सातवाहन राणी नागनिकेचा लेख इथंच, दोन बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत. दोन हजारांहून जास्त वर्षांचा. त्यात यज्ञ आणि त्यांत दिलेल्या दक्षिणांची यादी आहे: गायी, घोडे, हत्ती, एका ठिकाणी २४,४०० कार्षापण (त्या काळची नाणी). एवढे जुने आकडे आकड्यांच्याच चिन्हांत लिहिलेले फार थोड्या ठिकाणी सापडतात. मला त्यातला एक आकडा ओळखता आला नाही, पण मागच्या भिंतीपाशी मात्र थबकायला झालं. तिथं राजघराण्यातल्या मंडळींचे पुतळे कोरलेले होते. वर नावं होती: सिमुक सातवाहन, नायनिका आणि सातकर्णी, कुमार... पुतळे गेले. राहिल्यात त्या पावलांच्या खुणा. आईनं आपली चप्पल काढून बाजूला ठेवली. का, ते मी विचारलं नाही.

वर आल्यावर तो प्रसिद्ध दगडी रांजण. कोकणातल्या बंदरांतून, सोपारा-कल्याणकडून माल चढून यायचा, व्यापारी जकातीची नाणी यात टाकायचे, म्हणून नाणेघाट, असं सांगतात. भाच्यानं आत वाकून पाहिलं. चिप्सचं रिकामं पाकीट आणि पाण्याची बाटली. दोन्ही उचलून गाडीत टाकलं.

घाटघरात एका घरी सांगून ठेवलं होतं. नाचणीची भाकरी, पिठलं, इंद्रायणीचा भात, ठेचा. इतकंच. पण भात उघडला तेव्हा अख्ख्या पडवीला वास आला.

शुक्रवार मुद्दाम राखून ठेवला होता, कारण खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) बघायची होती. शुक्रवारी बघू देतात असं कळलं होतं. आधी चौकशी करून परवानगी घेतली होती, तुम्हीही घ्या. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मध्यभागी जवळजवळ आणि बाकीच्या १६ तीन फाट्यांवर पार लांब, दोन टोकांतलं अंतर सुमारे २५ किलोमीटर. सगळ्या मिळून एकच दुर्बीण. डॉ. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. तबकडी भरीव नाही, बारीक तारेची जाळी आहे. तिच्यातून वारा आरपार जातो, म्हणून वजन आणि खर्च दोन्ही कमी. फोन पूर्ण बंद करायला लावतात. आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात की खिशातला फोन त्यांच्यापुढं बोंबलल्यासारखा. दुर्बिणीच्या आजूबाजूला कांद्याची लागण चाललेली, बायका वाकून रोपं लावतायत आणि वर ती तबकडी सावकाश मान फिरवतेय. फोटो नाही, फोन बंद होता. तुम्हाला विश्वास ठेवावा लागेल.

खोडदहून बोरी बुद्रुक. इथं कुकडीच्या काठच्या मातीत पांढुरक्या राखेचा थर आहे. सुमात्रातला टोबा ज्वालामुखी सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी फुटला, त्याची राख तीन हजारांहून जास्त किलोमीटर उडत आली आणि इथं बसली. सोबत अश्मयुगीन हत्यारंही सापडली आहेत. गावातल्या एका दादांनी थर दाखवला. चिमटीत धरली तर रांगोळीपेक्षा मऊ. आई म्हणाली, "भांडी लख्ख निघतील हो."

आता फजिती. बोरीहून निघोजला जाताना फोननं जवळचा रस्ता म्हणून कालव्याच्या कडेच्या कच्च्या वाटेवर घातलं. दोन्हीकडे डोक्याएवढा ऊस, पुढं उसाची ट्रॉली रुतलेली, मागं वळायला जागा नाही. पाऊण तास. ट्रॉलीवाला येऊन म्हणाला, "काचा वर घ्या ताई. पोरगं उतरू देऊ नका, कालच इथं बिबट्या दिसलाय." भाचा अत्यानंदात, आम्ही दोघी रामरक्षा म्हणतोय.

त्यामुळं निघोजच्या कुंडावर पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं, आणि तेच बरं झालं. नदीचं काळ्या पाषाणाचं पात्र, आणि त्यात शेकडो रांजण. कुणी घडवले नाहीत, पाण्यानं केले. खडकातल्या खोलगटीत गोटे अडकतात, पूर आला की गरागरा फिरतात आणि भोक पाडत खाली जातात. हजारो वर्षं हेच. काही वाटीएवढे, काहींत माणूस उभा बुडेल. कडा इतक्या गुळगुळीत की कुंभारानं ओला हात फिरवलाय. तिरप्या उन्हात प्रत्येक रांजणात निम्मी सावली. भाच्यानं एका खळग्यातून अंड्यासारखा गोटा काढून खिशात घातला. आईनं तो परत टाकायला लावला. "त्याचं काम अजून चाललंय."

काठावर माळगंगेचं देऊळ, तिथं हात जोडले आणि शिरूरमार्गे अंधारात घरी.

---

रानवाटा
वाचनखूण साठवली. पण जानेवारीत नाणेघाट म्हणजे वाळलेलं गवत. उलटा धबधबा नाही, धुकं नाही. पावसाळ्यात जायचं तर खरं!

चिंचेची_सावली
@रानवाटा, पावसाळ्यात गेलेय. धबधबा उलटा आणि गाड्यांची रांग सुलटी. त्या दिवशी गुहेत तीस-चाळीस जण पावसापासून आडोसा म्हणून उभे होते, लेखाला पाठ टेकून. यंदा आत आम्ही तिघंच होतो. ज्याला पाणी बघायचंय त्यानं जुलैत जावं, ज्याला नागनिका भेटायची त्यानं हिवाळ्यात.

लेणीवेडा
सुंदर. थोडी भर आणि थोडा किस पाडतो.

बारा शिवालयांबद्दल: झंझानं बारा देवळं बांधल्याचा उल्लेख शिलाहारांच्या ताम्रपटांत आहे, पण ती म्हणजे बारा नद्यांच्या उगमावरची हीच, ही जोडणी परंपरेतली. रांजणाचंही तसंच, जकातीची गोष्ट लोकांच्या तोंडची. गोष्ट चांगली आहे, सोडू नका, फक्त लेखात आहे असं कुणी म्हणालं तर थांबवा.

आणि जेवणाचा विषय काढलाच आहात तर शिवनेरीच्या पोटातली लेणी विसरलात. चिट नावाच्या एका यवनानं, म्हणजे ग्रीकानं, तिथल्या भिक्षुसंघाला भोजनमंडप दान दिल्याचा लेख तिथं आहे. इरिल नावाच्या दुसऱ्या यवनानं पाण्याची दोन टाकी दिली. मानमोडीच्या डोंगरात क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य, म्हणजे मंत्री, अयम याचा लेख आहे, त्यात वर्ष ४६ दिलंय. घाटातून माल चढायचा तो या गावात येऊन थांबायचा, म्हणून तर एका तालुक्यात दोनशेहून जास्त लेणी खोदली गेली. जुन्नरला बाहेरच्या पाहुण्याला जेवू घालायची सवय जुनी आहे. इथं मात्र पाहुण्यानंच मांडव घातला.

चिंचेची_सावली
@लेणीवेडा, दंडवत. ग्रीकाचा भोजनमंडप! आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "जेवायला काय होतं ते लिहिलंय का?"

लेणीवेडा
नाही हो. तेवढं राहिलं.

गडकोट_७७
शिवजन्मभूमीत मुक्काम करून शिवनेरीवर एक ओळ? १६३० साली जिथं महाराज जन्मले त्या गडापेक्षा बेसनाच्या वड्यांना जास्त जागा? कमाल आहे.

चिंचेची_सावली
@गडकोट_७७, राग मान्य. शिवाई देवीच्या देवळापासून कडेलोट टोकापर्यंत चार वेळा पायी फिरलेय, पाचव्यांदाही जाईन. या वेळी आईला घेऊन निघाले होते. पायथ्याशी गाडी थांबवून तिनं गडाकडे बघत नमस्कार केला, पाच मिनिटं तशीच उभी होती. ते लिहायला हवं होतं, चुकलं.

गडकोट_७७
मग हरकत नाही. आईंना नमस्कार सांगा.

खडकफोड्या
भूशास्त्राचा माणूस आहे म्हणून राहवत नाही. बोरीच्या राखेच्या वयावरून अभ्यासकांत बरीच वर्षं जुंपलेली आहे. टोबाचा तो ७४,००० वर्षांपूर्वीचा मोठा उद्रेक हे एक मत. पण राखेचं वय काही लाख वर्षं, एका जुन्या मोजणीत तर त्याहूनही पुष्कळ मागे, असंही मांडलं गेलंय. वाद कोरडा नाही. राख जितकी जुनी, तितकी तिच्या सोबतची दगडी हत्यारं जुनी, आणि तितका इथला माणूस जुना. त्यामुळं धाग्यात "टोबाची राख मानतात" एवढं करा.

आणि कृपया कुणी बाटलीत भरून आणू नका. थर जिथल्या तिथं राहिला तरच त्याच्यावरून काही वाचता येतं.

रांजणखळग्यांबद्दल नेमकं लिहिलंय. आईंनी गोटा परत टाकायला लावला याबद्दल त्यांना आमच्या विभागातर्फे मानद पदवी.

नारायणगावकर
आमच्या गावावरून दोनदा गेलात आणि थांबला नाहीत, याची नोंद घेतली आहे.

नारायणगाव मीना नदीवर, म्हणून तुमच्या कुकडीतून वगळलं गेलं असेल, माफ. पण टोमॅटोचा हंगाम असताना बाजारात सकाळी या. लाल क्रेटचे डोंगर असतात, भाव पडला की तेच डोंगर लोकांच्या डोळ्यांत दिसतात. आणि गुढीपाडव्याच्या आधी आलात तर तमाशाच्या राहुट्या दिसतील. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, फडमालकाशी बोलणी होतात, सुपारी ठरते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्या. राष्ट्रपती पुरस्कार मिळवलेली बाई. त्यांच्या नावानंच आमच्या गावाचं नाव महाराष्ट्रानं घेतलं.

दुर्बिणीबद्दल: आमच्याकडे तिला "तबकड्या" म्हणतात. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग याच तबकड्यांमुळं अडलाय, रेल्वेच्या विजेचा तिच्या कामात व्यत्यय येतो म्हणून. गावात दोन तट आहेत. माझे वडील म्हणतात तारे कुठं पळून जातायत, गाडी येऊ द्या. माझी मुलगी तिथल्या विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला दरवर्षी जाते, ती आजोबांशी दोन दिवस बोलत नव्हती.

मासवडीत खसखस घालणारे लोक सढळ हाताचे. आमच्याकडे तीळ-खोबऱ्यावर भागतं.

पाटावरवंटा
@नारायणगावकर, खसखस हवीच! आंबेगावची माहेरवाशीण म्हणून सांगते.

नारायणगावकर
आंबेगावशी वाद घालून या तालुक्यात कुणी जेवलेलं नाही. माघार.

दूरदेशी
डब्लिनमधून वाचतेय, बाहेर पाऊस आणि ताटात टोस्ट. फार जळवलंत. नाताळच्या सुट्टीत दोन लहान मुलांना घेऊन येतोय. बिबट्याचं वाचून नवऱ्याचा चेहरा उतरलाय. खरंच इतकं आहे?

नारायणगावकर
@दूरदेशी, हसण्यावारी नेण्यासारखं नाही आणि घाबरून न येण्यासारखंही नाही. उसात बिबट्याला आडोसा, पाणी आणि कुत्री-शेळ्या सगळं मिळतं. मादी उसातच पिल्लं घालते, तोडणीच्या वेळी ती सापडतात. जुन्नर-शिरूर भागात माणसंही गेली आहेत. म्हणून साधे नियम: अंधार पडायच्या आत मुक्कामाला, उसाच्या बांधाला थांबायचं नाही, लहान मुलं पुढं एकटी पळू द्यायची नाहीत, आडोशाला वाकून बसायचं नाही. डांबरी रस्ता सोडायचा नाही, फोन काहीही सांगू दे.

चिंचेची_सावली
शेवटचं वाक्य माझ्यासाठी आहे, कळलं.

हापूसबागेचा_जावई
जुन्नरला लागूनच आमची सासुरवाडी, हापूसबाग. आंबे शोधत येऊ नका. मूळ हबशीबाग, त्याचं हापूसबाग झालं असं सांगतात. निजामशाहीत हबशी सरदारांचा इथं दबदबा होता. तिथला सौदागर घुमट बघा, भिंतीवरचं कोरीव काम तासभर पुरतं. निजामशाहीची सुरुवातच १४९० मध्ये जुन्नरातून झाली, अहमदनगर नंतर वसलं. पायऱ्या नाहीत, आईंना जमेल.

चिंचेची_सावली
@हापूसबागेचा_जावई, पायऱ्या नाहीत एवढं वाचूनच आईनं वहीत लिहून घेतलं.

घोडकाठ
मी टाकळी हाजीकडचा, म्हणजे कुंडाच्या अलीकडच्या तीरावरचा. नदी ही हद्द आहे. अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे निघोज, पारनेर तालुका. येणाऱ्यांनी एक करा, नदीला आवर्तन सोडलंय का ते आधी गावात विचारा. धरणातून बंधारे भरायला पाणी सुटलं की खळगे बुडतात आणि हातात काहीच लागत नाही. आणि ओल्या खडकावर जाऊ नका, शेवाळ दिसत नाही. दरवर्षी कुणीतरी फोटोच्या नादात जातं. आम्ही दोर घेऊन पळतो.

चैत्रात माळगंगेच्या यात्रेला या. निघोजला बारवेतून देवीची घागर निघते, ती बघायला मध्यरात्री माणूस मावत नाही.

पाटावरवंटा
मूळ मुद्दा राहिला. @चिंचेची_सावली, मासवडीचं फडकं कुठलं होतं? मी पंचा वापरला तर पीठ चिकटतं.

चिंचेची_सावली
हेच मी मावशींना विचारलं होतं. पंच्याचं सूत जाड, पीठ त्यात अडकतं. जुनं, धुऊन धुऊन विरलेलं धोतर हवं, आणि ओलं करून घट्ट पिळलेलं. पाणी राहिलं तर वडी फुटते.

आमच्याकडे कपाटात बाबांचं एक धोतर होतं, सहा वर्षं कुणी हात लावला नव्हता. परवा रविवारी आईनं आपणहून काढलं आणि कात्रीनं चार तुकडे केले. पहिली मासवडी दुमडताना मधोमध फाटली. दुसरी जमली.